लोणारची टेकडी झाली: बिनचष्म्याच्या थ्रीडी टॅबलेटचा नऊ महिन्यांचा अनुभव

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नववीच्या वर्गात लोणारचा फोटो लावला. पहिल्या बाकावरची मुलगी वाकून बघत म्हणाली, "सर, हे त टेकडी हाय."

मी टॅबलेट माझ्याकडे वळवला. मुलगी बरोबर होती. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटर खोल असं ते विवर उलटं होऊन माझ्या अंगावर आलं होतं. काठ आत गेलेला, मधलं पाणी फुगून वर आलेलं. मान दोन बोटं सरकवली की पुन्हा खड्डा, आणखी सरकवली की पुन्हा टेकडी. आठवड्याभरात प्रत्येक चित्राच्या कडेला दुसरी फिकी कड दिसायला लागली आणि पाच मिनिटांत कपाळ दुखायला लागलं. मग नागपूरच्या सर्व्हिस सेंटरच्या दोन चकरा झाल्या, ५९० रुपये तपासणीचे गेले आणि हातात १४,५०० रुपयांचा अंदाज पडला. तो कागद समोर ठेवूनच हे लिहायला घेतलं आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे हा नग आहे त्यांना पहिल्या चार ओळींतच कळलं असेल. रॅम, प्रोसेसर, कॅमेरा यांची माहिती सगळीकडे आहे. त्यावर मी शब्द घालवणार नाही.

गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पुण्याहून भाच्याने आणून दिला. वापरलेला, २८ हजारांत. आमचा कापूस यंदा क्विंटलला सात हजारांच्या आसपास गेला, म्हणजे चार क्विंटल कापूस. बाबांनी हा हिशेब तेव्हाच मांडला होता: "चार क्विंटल कापूस त्या पाटीत गेला." तेव्हापासून घरात त्याचं नाव पाटीच पडलं. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी विज्ञान शिकवतो. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे. हृदयाचे कप्पे, रेणूंची रचना, लोणारचं विवर ही सगळी खोली असलेली गोष्ट मुलांना सपाट फळ्यावर शिकवताना मला दर वर्षी खंत वाटते. पैसे खर्च केले ते त्या खंतीपोटी.

आता हा पडदा काम कसा करतो ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझी तक्रारही कळणार नाही.

आपले दोन डोळे सरासरी ६३ मिलिमीटर अंतरावर असतात. प्रत्येकाला जग जरा वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोन यांनी हे आरशांच्या यंत्राने दाखवून दिलं: दोन सपाट चित्रं, प्रत्येक डोळ्याला एकेक, आणि मध्ये उभी राहिलेली वस्तू. थिएटरात कोणतं चित्र कोणत्या डोळ्याला जाईल ही वाटणी चष्मा करतो. बिनचष्म्याच्या पडद्याला ती स्वतःच करावी लागते.

त्याची जुनी रीत समजायला आमच्याकडे तुराट्यांचा कूड, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची भिंत, पुरेसा आहे. लहानपणी कोठ्याच्या कुडाला नाक लावून उभं राहिलो की उजव्या डोळ्याला फटीतून गाईचं शिंग दिसायचं आणि डाव्याला गव्हाण. फट तीच, पण दोन डोळे दोन ठिकाणी, म्हणून पलीकडच्या दोन वेगळ्या पट्ट्या. आता कुडामागे दोन चित्रं उभ्या पट्ट्यांत कापून आलटून पालटून लावा: एक डाव्याची, एक उजव्याची. फटी नेमक्या मापाच्या ठेवल्या तर डाव्या डोळ्याला डाव्याच्याच पट्ट्या दिसतील. फ्रेडरिक आइव्ह्ज या अमेरिकन माणसाने १९०३ मध्ये याचंच पेटंट मिळवलं. निन्टेंडोचं २०११ सालचं हातात धरायचं गेमयंत्र याच तत्त्वावर चालायचं, फक्त तुराट्यांच्या जागी द्रवस्फटिकाच्या काळ्या उभ्या रेघा. त्या विजेवर घालवता यायच्या, म्हणजे साधं चित्र हवं तेव्हा कूड गायब. कुडाची खोड एकच: जवळपास अर्धा उजेड तुराट्यांतच अडकतो.

दुसरी रीत तुम्ही सगळ्यांनी हाताळली आहे. कंपासपेटीवर किंवा फूटपट्टीवर रेघाळ प्लास्टिकचं चित्र असायचं, नख फिरवलं की खरखर वाजणारं. जत्रेत देवाचा फोटो मिळतो, हलवला की विठ्ठलाच्या जागी रखुमाई येते. त्या रेघा म्हणजे बारीक उभी भिंगं. प्रत्येक भिंगाखाली दोन-चार चित्रांच्या पट्ट्या असतात आणि भिंग एकेक पट्टी एकेका दिशेला पाठवतं. हे भिंग उजेड अडवत नाही, वळवतं. जत्रेतला फोटो आडवा हलवला की चित्र बदलतं, कारण दोन्ही डोळे एकदम एका दिशेतून दुसऱ्या दिशेत जातात. त्याच दिशा एवढ्या जवळ आणल्या की एक दिशा डाव्या डोळ्यात आणि दुसरी उजव्यात पडते, आणि चित्राला खोली येते. गॅब्रिएल लिपमन यांनी तर १९०८ मध्येच उभ्या रेघांऐवजी माशीच्या डोळ्यासारखी बारीक भिंगं सगळीकडे बसवायची कल्पना मांडली होती, म्हणजे मान वरखाली केली तरी खोली टिकावी.

माझा नग भिंगांचा. पडद्यावरच्या ठिपक्यांचे निम्मे उभे स्तंभ डाव्या डोळ्याला, निम्मे उजव्याला. त्यामुळे थ्रीडीत बारीक अक्षरं फुटतात. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ थ्रीडी बंद करूनच वाचायची. बंद केल्यावर पडदा उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण दिशा ठरलेल्या म्हणजे बसायची जागाही ठरलेली. समोर एक पट्टा बरोबर चित्राचा, त्याच्या शेजारी जवळपास तेवढाच उलट्या चित्राचा, जिथे डाव्याचं उजव्याला जातं. तिथेच खड्ड्याची टेकडी होते. यावर उपाय म्हणून समोरचे दोन कॅमेरे तुमचे डोळे शोधत राहतात आणि मान सरकली की पडदा पट्ट्यांची मांडणी तेवढीच सरकवतो. निन्टेंडोने २०१४ च्या सुधारित यंत्रात चेहरा पाहणारा कॅमेरा वापरला तो यासाठीच. चाललं की फार सुंदर चालतं. कापसाचं फुटलेलं बोंड हातात धरल्यासारखं दिसतं, मान हलवली तरी तुटत नाही.

आणि इथेच माझी तक्रार. कॅमेरे एकाच माणसाचे डोळे धरतात. एकाच.

हे मला खरेदीच्या आधी कोणीही सांगितलं नाही. आमच्या घरात मोबाईलवर कीर्तनसुद्धा चार जण मिळून बघतात. ओसरीवर पाटी उघडली की डावीकडे आई, उजवीकडे पुतण्या, मागे खांद्यावरून बायको. कॅमेरा कधी माझे डोळे धरतो, कधी आईचे. सगळ्यांना चित्र उड्या मारताना दिसतं. वर्गात माझी ४३ मुलं. एका मुलाला ४० सेकंद दिले तरी अर्धा तास गेला, म्हणजे ३५ मिनिटांच्या तासात एक फोटो. पुष्कळ दिशांना पुष्कळ चित्रं पाठवणारे पडदे असतात, तिथे चार जण बसू शकतात. पण मग तेवढेच स्तंभ आठ-नऊ चित्रांत वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला धूसर चित्र येतं. तंत्राचं कारण मला समजतं. तरीही चार क्विंटल कापसाची वस्तू घरात एकट्यानेच बघायची हे मला इतक्या महिन्यांत पटलेलं नाही.

एवढंच नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे बाहेरून आलेला माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच असतो. दुपट्टा सोडेपर्यंत कॅमेऱ्याला चेहरा सापडत नाही. संध्याकाळी लाइन गेली की अंधारात डोळे सापडत नाहीत. खाटेवर कुशीवर झोपून बघाल तर दोन्ही डोळे एकाच पट्ट्यात येतात आणि सगळं सपाट. दुपारच्या उन्हात पाटीची पाठ एवढी तापते की पडद्याचा उजेड आपोआप कमी होतो. बॅटरी साध्या वापरात सात तास, थ्रीडीत चार. साध्या व्हिडिओचं आपोआप थ्रीडी करणारी सोय आहे, ती मी दोन दिवसांत बंद केली. त्यात माणसं पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसतात.

फोटो मात्र स्वतः काढा. साधा मोबाईल पुरतो. एक फोटो डाव्या पायावर भार देऊन, दुसरा उजव्या पायावर, मोबाईल सरळ रेषेत सरकवून. दोन फोटोंतलं अंतर जवळच्या वस्तूच्या अंतराच्या तिसाव्या भागाइतकं धरा. बोंड ६० सेंटिमीटरवर असेल तर दोनच सेंटिमीटर सरकायचं. लोणारच्या काठावरून जवळची झाडं दोनशे मीटरवर होती, म्हणून पहिला फोटो काढून काठाने दहा पावलं चाललो आणि दुसरा काढला. दोन डोळे सात मीटर अंतरावर असलेल्या माणसाला विवर जसं दिसेल तसं ते दिसतं. वारा असेल तर शेतातले फोटो फुकट जातात, कारण दोन फोटोंमध्ये पान हललेलं असतं. सकाळी सात वाजता जा.

डोकेदुखीचं सांगायला हवं. वस्तू पडद्याच्या पुढे आल्यासारखी दिसते तेव्हा दोन्ही डोळे आत वळून तिच्यावर जुळतात, पण फोकस पडद्याच्या काचेवरच ठेवावा लागतो. एरवी या दोन गोष्टी जोडीने चालतात. इथे त्यांची ओढाताण होते. माझं वय ४२. वीस मिनिटांत मला थकवा येतो. चित्राची खोली कमीजास्त करायची पट्टी निम्म्यावर आणली की अर्धा तास निभतं. निन्टेंडोने त्या यंत्राबद्दल सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना थ्रीडी दाखवू नका असा इशारा दिला होता. तोच मानून चार वर्षांच्या पुतण्याला मी देत नाही, त्याने कितीही भोकाड पसरलं तरी.

इथपर्यंत मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं. शेवटी "घेऊ नका" असं वाक्यही होतं. ते खोडलं आहे. का ते सांगतो.

सर्व्हिस सेंटरवाल्याने टॅबलेट दहा मिनिटं हातात धरला आणि म्हणाला, "सर, पॅनल गेलं." मी विचारलं, भिंगांचा थर वेगळा बदलता येतो का? नाही, तो पडद्यावर चिकटवलेला असतो आणि स्तंभांशी इतका नेमका जुळवावा लागतो की पूर्ण भागच बदलावा लागतो. हे त्याचं बरोबर होतं. पण भिंगं सरकली असतील तर चित्र एकाच ठिकाणी नेहमी उलटं दिसायला हवं. माझं तर घडीघडी बदलत होतं. हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने अंदाजाचा कागद पुढे केला. दुसऱ्या चकरेला दुसरा माणूस होता, त्यानेही तोच कागद काढला. यवतमाळ-वर्धा-नागपूर एसटी, दोन रजा, ५९० रुपये.

घरी आलो, टॅबलेट दिवाणावर टाकला. दुसऱ्या दिवशी बायको धूळ पुसत होती. खिडकीच्या उजेडात धरून म्हणाली, "अहो, याले समोरून दोन डोळे हायेत न? एक झाकलेला दिसते."

मार्चमध्ये दारव्ह्याच्या मोबाईल दुकानातून मी २५० रुपयांची काच लावून घेतली होती. या मॉडेलची नव्हती, माप बसलं म्हणून दुसऱ्याची लावली. तिच्या कडेला काळी पट्टी होती आणि ती पट्टी एका कॅमेऱ्यावर आली होती. एकाच डोळ्याने पाहणाऱ्या यंत्राचा माझ्या डोळ्यांच्या अंतराचा अंदाज चुकत होता, असं मला वाटतं. ब्लेडने काच उचलली. लोणार पुन्हा खोल गेलं. त्याच क्षणी.

"बाबांसारखंच झालं होतं याचं," बायको म्हणाली.

मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. १४,५०० चा भाग बदलायला सांगण्याआधी २५० ची काच काढून बघायला काय हरकत होती? उत्तर आलं की ग्राहकाने बाहेरून लावलेली वस्तू आम्ही काढत नाही. मग निदान काढून आणा असं तरी सांगायचं. ५९० रुपये परत मिळाले नाहीत. काच लावून घेतली ही माझी चूक मी मान्य करतो. पण तपासणीचे पैसे घेऊन तपासणी न करणं याला मी चूक म्हणत नाही. ते पैसे मी पुन्हा मागणार आहे, या वेळी लेखी.

आता बाबांचं. बाबा ७१ वर्षांचे. पाटी आली तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि ते कोणाला सांगत नव्हते. पोळ्याला सगळ्यांनी आळीपाळीने बोंडाचा फोटो पाहिला. आईने तर हात मागे घेतला. बाबांनी पाहिलं आणि पाटी परत दिली: "फोटू चांगला हाय." मी म्हटलं, बाबा, पुढे आलेलं नाही दिसत? "मले त फोटूच दिसते." मला वाटलं, खर्चाचा राग आहे.

ते काय होतं हे मला वर्गातल्या एका मुलीमुळे कळलं. दिवाळीनंतर ४३ मुलांमध्ये ती एकटीच म्हणाली की साध्या फोटोसारखंच दिसतं. मी तिचा एक डोळा झाकून फळा वाचायला लावला, मग दुसरा. दुसऱ्याने तिला पहिली ओळसुद्धा वाचता आली नाही. तिच्या घरी चिठ्ठी पाठवली. आता तिला चष्मा आहे आणि यवतमाळला तपासणी चालू आहे. हा टॅबलेट म्हणजे नेत्रतपासणी नव्हे, असं कोणी समजू नये. पण ज्या वस्तूला दोन्ही डोळे लागतात ती वस्तू एका डोळ्याची उणीव लपवू देत नाही. ही मुलगी एवढी वर्षं पहिल्या बाकावर बसत होती आणि मी तिला हुशार म्हणून पुढे बसते असं समजत होतो.

त्या रात्री मी घरी येऊन बाबांचा डावा डोळा तळहाताने झाकला. बोटं किती? उत्तर आलं नाही.

तूर निघाल्यावर, फेब्रुवारीत, यवतमाळला ऑपरेशन झालं. जवळचा चष्मा मिळायला आणि डोळा बसायला एप्रिल उजाडला, आणि तेव्हा पाटी बिघडलेली. मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, अंगणात निंबाखाली, मी त्यांच्या हातात ती दिली. दुपट्टा काढायला लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. माझं वीस मिनिटांत डोकं दुखतं. बाबा पाऊण तास बघत होते आणि त्यांना काही झालं नाही. माझा अंदाज असा की त्या डोळ्यात बसवलेल्या भिंगाचा फोकस बदलतच नाही, त्यामुळे माझ्या डोळ्यांची होते ती ओढाताण त्यांना फारशी होत नसावी.

धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, कपाशीचा फोटो लागला होता, दसऱ्याच्या आधी काढलेला. मी तो वीस वेळा तरी पाहिला असेन. बाबांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

"हे पान पुढं हाय. त्याच्या मांगं पाय."

"काय?"

"डोमकळी हाय थे."

मी पाटी हातात घेतली. पानामागे, पानापासून स्पष्ट सुटलेलं, पाकळ्या पिळून बंद राहिलेलं एक फूल होतं. गुलाबी बोंडअळी आत असली की फूल असंच राहतं. थ्रीडी बंद करून तोच फोटो पाहिला तर पिवळट हिरव्यात पिवळट हिरवं, काहीच वेगळं नाही. पुन्हा सुरू केलं, फूल पुन्हा पानापासून वेगळं झालं. त्या धुऱ्याकडच्या चार ओळींतून शेवटच्या वेचणीला निव्वळ कवडी, म्हणजे किडका कापूस, निघाली होती. फवारणी कधी करायला हवी होती यावर डिसेंबरात आमचा वाद झाला होता. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत मी ही पाटी त्यांच्यासमोर दहा वेळा धरली होती.

"आनखी कोन्ते फोटू हायेत त्या धुऱ्याचे?"

अकरा होते. अकराही पाहिले. आणखी दोन डोमकळ्या सापडल्या, एक त्यांना, एक मला. आई चहा घेऊन आली आणि वाकून बघायला लागली, तसं चित्र उडायला लागलं. बाबा म्हणाले, "थांब व, एकाएकानं." बॅटरी चार टक्क्यांवर आली तेव्हा त्यांनी पाटी खाली ठेवली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"यंदा पऱ्हाटीले पाती लागली का दर आठ दिवसाले फोटू काढजो. सगळ्या धुऱ्यायचे. सकाळीच, वारा सुटायच्या आंधी."